वाजलं

८ जानेवारी

चिमटाबाई,

मायना लिहिण्यातच अर्धा कागद फुकट गेला. आधी 'चि. सौ. सूनबाई' लिहिलं. मग वाटलं, 'सौ.' आता किती दिवस चालणार, आणि 'सूनबाई' तर कोर्टाचा शिक्का पडला की संपलंच. नुसतं नाव लिहून पाहिलं, तर बँकेची नोटीस वाटायला लागली. शेवटी टेबलावरचं नाव लिहिलं. दुरुस्तीच्या दुकानात माझ्याशेजारी बसायला लागलीस त्या पहिल्याच आठवड्यात तू माझा बारीक टोकाचा चिमटा ढापलास आणि परत दिलाच नाहीस, तेव्हापासून तू चिमटाबाई. हे नाव कुठल्याच सरकारी कागदावर नाही, त्यामुळे कुणाला ते काढूनही घेता येणार नाही.

फोन का नाही केला, म्हणशील. तू गेलीस त्याच दिवशी हिनं, म्हणजे तू जिला आई म्हणतेस तिनं, माझ्याकडून कबूल करून घेतलं की तुला फोन करायचा नाही. "तिला नव्या गावी नीट बसू द्या. तुमचा आवाज ऐकला की ती रडणार, आणि ती रडली की तुम्ही ओरडणार." मी हो म्हटलं. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. तेव्हा मी शब्द मोडलेला नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पत्र गप्पांचं नाही, कामाचं आहे. एक ग्राफिक कार्ड आलंय दुरुस्तीला. तीन पंख्यांचं, विटेसारखं जड. घर बदलताना गिऱ्हाइकानं कार्ड न काढता अख्खा कॉम्प्युटर उभाच्या उभा टेम्पोत चढवला. एवढं वजन आत एका खाचेवर लोंबकळतंय, वर रस्त्याला खड्डे, मग व्हायचं तेच झालं. कार्डाच्या कोपऱ्यात, जिथं ते खाचेला अडकवायचा आकडा असतो, तिथून बोर्डाला तडा गेलाय. नखाएवढाच आहे. पण त्या नखाखालून तांब्याचे किती बारीक ट्रॅक जातात हे तुला मी काय सांगू! स्क्रीन काळाठिक्कर. 'कार्ड काढून वेगळं ने' म्हणून शंभरदा सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? गिऱ्हाईक कोण ते विचारू नकोस. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पंखे, हीटसिंक सगळं काढून ठेवलंय. उद्या तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडायचा, तांबं उघडं करायचं, जो ट्रॅक तुटला असेल त्याच्यावरून केसाएवढी तार टाकून सोल्डर करायची. म्हणजे हे सगळं तुझं काम. माझं काम शेजारी बसून मीटर धरायचं. ट्रॅकच्या दोन टोकांना मीटरचे सुईसारखे दोन प्रोब लावायचे, मीटर वाजलं की ट्रॅक शाबूत, नाही वाजलं की तुटलेला. तू मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता दर वेळी म्हणायचीस, "वाजलं." मी एकदा चिडून विचारलं होतं, की वाजल्यावर पुन्हा 'वाजलं' म्हणायची काय गरज आहे, मला काय कान नाहीत? तू म्हणालीस, "बोलल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, बाबा." बडबडी आहेस, दुसरं काय!

आता मायक्रोस्कोपही मीच आणि मीटरही मीच. जमेल. हात अजून स्थिर आहे, काळजी करू नकोस.

बाकी घरी ठीक. ही आजकाल फार अतिशयोक्ती करते. परवा म्हणाली, किटली बोंबलत होती आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. बोंबलत होती म्हणे! मी काय एवढा पेपरात बुडणारा माणूस आहे का?

तुझ्या स्टुलावर हिनं धुण्याची टोपली ठेवायला सुरुवात केली होती. मी उचलून खाली ठेवली. ती पुन्हा वर ठेवते, मी पुन्हा खाली ठेवतो. 

तुझ्या नव्या ठिकाणी म्हणे दुरुस्ती करत नाहीत, बिघडलेला बोर्ड काढायचा आणि नवा घालायचा. असं काम करून बोटांना गंज चढेल तुझ्या. जप.

– टेबलावरचा म्हातारा

१५ जानेवारी

चिमटाबाई,

कार्ड गेलं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू? हिला सांगितलं तर ती म्हणते, "बरं मग, जेवायला या."

रंग खरवडला. तांबं छान उघडं झालं, मी स्वतःवरच खूश झालो. मग एकेक ट्रॅक तपासायला घेतला. कार्डाच्या सोनेरी दाताला एक प्रोब, पुढच्या त्या तिळाएवढ्या कपॅसिटरला दुसरा. नाही वाजलं. शेजारचा ट्रॅक. नाही वाजलं. त्याच्या पलीकडचा, जो तड्यापासून चांगला लांब होता, तोही नाही. म्हटलं, आयला, तडा आतून लांबवर पसरलेला दिसतोय. मग तारा टाकत गेलो. तू प्रत्येक तारेला मधे जरा पोट सोडायचीस, गरम-थंड होताना ताण येऊन तुटू नये म्हणून. तसंच पोट सोडून मीही टाकल्या. हात थरथरला थोडा. थोडा म्हणजे बऱ्यापैकी. मागच्या पत्रात स्थिर आहे म्हणालो होतो, ते बसल्यावरचं, सोल्डरचं आयर्न हातात घेतल्यावरचं नाही.

तारा टाकून पुन्हा मीटर लावलं, तरी वाजेना. माझ्याच डोळ्यांदेखत जोडलेली तार, आणि मीटर ढिम्म! तेव्हा मी हात टेकले. बोर्डाच्या आतले थर फाटले असणार, आणि आतल्या थरांपुढे कुणाचं काही चालत नाही. गिऱ्हाइकाला बोलावून सांगितलं, की गेलं, आशा सोड.

आता गिऱ्हाईक कोण ते तू ओळखलंच असशील. आमचे चिरंजीव. त्यानं तिकडं लांब दोन खोल्या घेतल्यात, आमच्याबरोबर दुकानावरच्या घरात राहवत नाही म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. तुम्हा दोघांत काय झालं तेही मी विचारलं नव्हतं, आजही विचारत नाही. पण तुला खोटं लिहिलं हे मला डाचत होतं. त्याचं नाव वाचून तू पत्र मिटवून ठेवशील अशी भीती वाटली, म्हणून गिऱ्हाईक म्हणालो.

तो आला. कार्डाकडं बघत उभा राहिला. त्याचं सगळं काम त्याच्यावर चालतं, बिल्डरला दाखवायची चित्रं त्यावरच तयार होतात, आणि आता हातातलं काम अर्धवट अडकलंय. ओरडला असता तर बरं झालं असतं. "ठीक आहे, बाबा," म्हणाला. जाताना तुझ्या स्टुलावरची टोपली उचलून त्यानं खाली ठेवली. का ठेवली, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

तो गेल्यावर आवराआवर करत होतो. सहज प्रोबला प्रोब लावला. मीटर मुकं! म्हणजे ज्या मीटरच्या जिवावर मी कार्डाला मेलेलं ठरवलं, ते मीटरच बिघडलेलं! मी कपाळावर हात मारला. काम सुरू करायच्या आधी प्रोबला प्रोब लावून मीटर तपासायचं, हे तुला पहिल्या दिवशी कुणी शिकवलं? मी. रोज सकाळी दुकान उघडलं की मी प्रोब टेकवायचो, तू म्हणायचीस "वाजलं," आणि दिवस सुरू व्हायचा. तू गेल्यापासून ती सवयच मोडली. त्यात नुसते पंखे बदलायचे, पावर सप्लाय बदलायचे असली कामं, ट्रॅकचं काम आलंच नाही. आता हे कार्ड कदाचित जिवंत असेल, आणि मी त्याच्यावर उगाच तारांचं जंगल करून ठेवलंय.

सेल बदलून पाहिला. तरी मुकं. आपल्या त्या मीटरचा आकड्यांचा पडदा कधीच पुसट झालाय, नुसत्या आवाजासाठी ठेवलं होतं. तोही गेला. उद्या नवं आणतो.

तू असतीस तर पहिल्याच ट्रॅकला म्हणाली असतीस, "बाबा, मीटर बघा आधी." इथं सांगायला कुणी नाही. दुकानात इतकं शांत असतं की मी दुपारी मुद्दाम रेडिओ लावतो, आणि कोण काय गातंय ते न ऐकता बंद करतो. फार आठवण येते तुझी. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण लिहिलंय तर राहू दे.

– म्हातारा

१९ जानेवारी

चिमटाबाई,

हे पत्र नीट बसून वाच. मी नीट बसूनच लिहितोय.

नवं मीटर आणलं. घरी येऊन प्रोबला प्रोब लावला. पडद्यावर शून्य आलं, म्हणजे जोडणी बरोबर, पण आवाज नाही. डबा, पावती, मीटर, सगळं घेऊन तसाच आल्या पावली त्या दुकानात. डोकं तापलेलं. तो काउंटरवरचा आपला माणूस, जाड चष्म्याचा, तुला तारेची रिळं उधार द्यायचा तोच. म्हटलं, "काय राव, म्हाताऱ्याला गंडवता काय? याचा बझर मुका आहे." दुकानात गर्दी होती. मला जरा बरंच वाटलं, ऐकू दे सगळ्यांना.

त्यानं मीटर हातात घेतलं, प्रोबला प्रोब टेकवला, आणि सगळं दुकान आमच्याकडं बघायला लागलं. मागं एक बाई होती, तिनं कानावर हात ठेवला. मी म्हटलं, "बघा, आहे का आवाज?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मग हळू आवाजात, अगदी घरातल्यासारखा म्हणाला, "काका, केवढ्यानं बोंबलतंय हे."

मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं लावलं. त्याची बोटं दिसत होती, मीटरवरचा दिवा दिसत होता, लोकांची तोंडं दिसत होती. आवाज नव्हता. त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, बाहेरच्या गाड्या ऐकू येत होत्या. फक्त तो बारीक, टोकदार आवाज तेवढा नाही. कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखा.

"वय झालं की बारीक आवाज आधी जातो, काका," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचंही तसंच झालं." मी सॉरी म्हटलं. मी! सगळ्या दुकानासमोर. तो बिचारा म्हणाला, "असू द्या, असू द्या," आणि डबा नीट बांधून दिला.

रस्त्यानं येताना मला किटली आठवली. दारावरची बेल आठवली, ती नवीन, जी वाजतच नाही म्हणून मी दोनदा खोलून जोडली होती. आणि मग तू आठवलीस. फुटपाथवर उभा राहिलो. लोक दोन्ही बाजूंनी जात होते.

मीटर वाजल्यावर 'वाजलं' म्हणायची काय गरज? गरज होती. मला होती. मी इतकी वर्षं मीटर ऐकत नव्हतो, तुला ऐकत होतो. तुझा तो घोगरा, जाड आवाज. फोनवर गिऱ्हाइकं तुला साहेब म्हणायची आणि तू चिडायचीस. तो आवाज माझ्या कानाला नीट लागत होता, आणि मला वाटत होतं की मी मीटरच ऐकतोय.

घरी येऊन हिला सांगितलं. मला वाटलं, घाबरेल. ती भाजी निवडत होती, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "माहीत आहे मला. तिनंच सांगितलं होतं."

"कधी?"

"झाली की दोनेक वर्षं. म्हणाली, 'आई, बाबांना मीटर ऐकू येत नाही, पण त्यांना सांगू नका, त्यांचा जीव त्या टेबलात आहे.' मी म्हटलं, अगं मग काम कसं करणार? तर म्हणाली, 'मी आहे ना शेजारी.'"

मी हिच्यावर ओरडलो, की ती गेल्यावर तरी सांगायचंस! ही म्हणाली, "सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला?"  हिच्याच हातातली जुडी घेऊन निवडत बसलो.

'मी आहे ना.' असं म्हणाली होतीस तू. दोन दिवस झाले, हेच डोक्यात घोळतंय. जेवताना, दाढी करताना. माझा मुलगा माझ्याशी दिवसातून दोन वाक्यं बोलायचा, आणि परक्या घरातून आलेली तू मला कळूही न देता माझा कान होऊन बसलीस. त्याबद्दल 'थँक्यू' लिहिलं तर मलाच हसू येईल. म्हणून लिहीत नाही.

– बाबा

२५ जानेवारी

चिमटाबाई,

कार्ड अजून टेबलावर उघडंच आहे. चिरंजीवांना सांगितलंय, की नवं घेऊ नकोस, मी अजून हरलेलो नाही. कुठल्या तोंडानं सांगितलं कुणास ठाऊक! तो म्हणाला, आणखी दहा दिवस थांबतो, मग काम हातचं जाईल.

आता झालेल्या गमती सांगतो. आधी हिला शेजारी बसवलं. म्हटलं, तू फक्त 'वाजलं' म्हण. पहिला ट्रॅक. "वाजलं का?" "काय?" "मीटर!" "अहो, मगाशीच वाजलं, मला वाटलं तुम्हाला कळलं." दुसऱ्या ट्रॅकला मी प्रोब टेकवायच्या आधीच ही म्हणाली, "वाजलं." म्हटलं, अगं, अजून लावलाच नाही! तर म्हणे, "मला वाटलं, वाजेलच." पुढं तिला विणकाम सुचलं, आणि मग तिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीशी बोलता बोलता मधेच मला "वाजलं हो!" म्हणून ओरडायची, आणि माझे प्रोब हवेत. शेवटी मी हात जोडले. तीही म्हणाली, सुटले बाई एकदाची.

मग मीटरचा दिवा बघून काम करायचा प्रयत्न केला. तो चष्मेवाला म्हणालाच होता, दिवा बघा. पण दिवा बघायला डोळा उचलावा लागतो, आणि डोळा उचलला की प्रोबचं टोक शेजारच्या ट्रॅकवर घसरतं. ट्रॅक इतके दाटीवाटीनं, की मग दिवा कुणाचा पेटला तेच कळत नाही. आरसा लावून पाहिला. आरशात मीच दिसलो, दिवा दिसला नाही. मीटर कानाला बांधून पाहिलं. हिनं तो अवतार बघितला आणि दार ओढून घेतलं.

यातून काहीतरी मार्ग निघेल, मला माहीत आहे. मोठा दिवा बसवता येईल, थरथरणारं काहीतरी बोटाला बांधता येईल. मी आयुष्यभर हेच करत आलोय. पण खरं सांगू का? मला दिवा नको आहे. मला तू शेजारी हवी आहेस.

लिहिलं एकदाचं.

गैरसमज करून घेऊ नकोस. मी तुला त्याच्या घरी बोलवत नाही. वरच्या आमच्या घरीही बोलवत नाही. तुमचं तुटलंय ते तुम्ही दोघांनी विचार करून तोडलंय, त्याच्यावरून तार टाकायला मी जाणार नाही. मी बोलावतोय ते खाली, टेबलावर. स्टूल रिकामं आहे. पण तेही कुठल्या हक्कानं बोलवू? पुढच्या महिन्यात तो कागद हातात आला, की तू आणि तो मोकळे. त्याला बायको नाही, तुला नवरा नाही, ते दोघांपुरतं ठीक. पण मग मी तुझा कोण? नवरा-बायको वेगळी होतात त्याला कोर्ट आहे. सासरा आणि सून वेगळे होतात त्याला कुणी तारीखही देत नाही. एका दिवशी तू माझी कुणीतरी असशील, आणि दुसऱ्या दिवशी तू रस्त्यात भेटलीस तर मी काय म्हणून हाक मारायची?

याला उत्तर नको. तू पत्रं उघडतेस की नाही तेही मला माहीत नाही. माझी पत्रं तिकडं खणात पडली असतील तर पडू देत. मला राग नाही. म्हणजे, थोडा येईल.

कार्डाचं काय करू ते मात्र सुचत नाही. जोपर्यंत कुणी मला सांगत नाही की कुठला ट्रॅक वाजला आणि कुठला नाही, तोपर्यंत मी आंधळ्यासारखा खरवडत राहणार, आणि जे शाबूत आहे तेही घालवणार. म्हणून आयर्न बंद करून ठेवलंय.

– बाबा

२ फेब्रुवारी

चिमटाबाई,

काल जे झालं ते तुला माहीतच आहे, तूच होतीस. तरी लिहितो. कारण फोनवर मला बोलायला सुचलं नाही आणि तू तर कधीच फार बोलत नाहीस. बडबडी म्हणालो होतो ते मागं घेतो. तू एकच शब्द बोलायचीस, आणि तो मी गप्पा समजत होतो.

दुपारचा चहा पिऊन खाली आलो होतो. टेबलावर मोबाइल थरथरायला लागला. तुझं नाव.  उचलला, पण 'हॅलो'सुद्धा तोंडातून फुटेना. तिकडून तुझा तो साहेबी आवाज, "बाबा, फोन मीटरच्या शेजारी ठेवा. स्पीकर लावा."

'कशी आहेस' नाही, 'कसे आहात' नाही. मी म्हटलं, "अगं, पण ही..." तू म्हणालीस, "तुम्ही फोन केलेला नाही. मी केलाय. आता प्रोबला प्रोब लावा."

लावला.

"वाजलं."

चिमटाबाई, मी खोटं सांगत नाही, मला भिंगातलं काहीच दिसेनासं झालं. चष्मा पुसला, भिंग पुसलं, मग लक्षात आलं की पुसायचं दुसरंच होतं. तू घाई केली नाहीस. मग म्हणालीस, "आता तुम्ही टाकलेल्या तारा सगळ्या उपटा." मी म्हटलं, सगळ्या? अगं, पोट सोडून टाकल्यात! "सगळ्या, बाबा." उपटल्या. जीव कळवळला, पण उपटल्या.

आणि मग एकेक ट्रॅक. मी सांगायचं, "पहिला." "वाजलं." "पुढचा." "वाजलं." ज्यांना मी मेलेलं ठरवलं होतं ते एकामागून एक वाजत गेले. मी एकीकडं ओशाळत होतो आणि दुसरीकडं मला असं वाटत होतं, की हे ट्रॅक संपूच नयेत. तड्याच्या अगदी कडेचे तेवढे मुके निघाले. तू म्हणालीस, "नाही," आणि मी तिथं पेनानं ठिपका केला. शेवटी तू म्हणालीस, "त्या आकड्याच्या पोटाखाली एक ट्रॅक वळून जातो, तो बघितलात?" नव्हता बघितला. मान वाकडी करून बघितला. तुटलेला होता.

तारा टाकल्या. हात थरथरत होता, तू म्हणालीस, "मनगट टेकवा, श्वास सोडताना लावा." हे मी तुला शिकवलं होतं. टाकली एक तार की प्रोब, आणि तिकडून "वाजलं." मधे एकदा तुझ्या तिथला कुणीतरी तुला हाक मारायला आला. तू त्याला म्हणालीस, "थांबा जरा, बाबांशी बोलतेय." तो म्हणाला असेल, बाबांशी बोलतेस की 'वाजलं, वाजलं' म्हणतेस! त्याला काय कळणार!

शेवटच्या तारेनंतर मी धीर करून विचारलं, की तो कागद आल्यावर पुढं काय. तू म्हणालीस, "कागद त्यांचा आणि माझा आहे. तुमचा चिमटा मी अजून परत केलेला नाही, बाबा." मी म्हटलं, मग कर की! म्हणालीस, "करणार नाही." एवढंच. मला पुरलं.

आज सकाळी तारांवर लेप दिला, निळ्या दिव्याखाली वाळवला, पंखे चढवले. कार्डाला खालून टेकू म्हणून एक छोटी दांडी बनवली, पुन्हा लोंबकळायला नको. दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. पंखे फिरले. ते मला ऐकू येतात, त्यांचा आवाज जाड आहे. मग स्क्रीन उजळला. ही वरून धावत आली, म्हणाली, काय झालं, ओरडलात का? मी ओरडलो होतो, मलाच कळलं नाही.

चिरंजीव आले. त्यानं बरोबर आणलेलं ते अर्धवट चित्र उघडून बघितलं, एक मोठी इमारत, खिडक्याच खिडक्या. विचारलं, "कुणी केलं, बाबा? तुमचा हात तर..." मी म्हटलं, "आम्ही केलं." 'आम्ही' कोण ते त्यानं विचारलं नाही. कार्ड काढून, वेगळं, कापडात गुंडाळून घेऊन गेला. एवढं तरी शिकला. दारात थांबून म्हणाला, "तिला सांगा," आणि गेला. तेव्हा सांगतो. काय सांगायचं ते त्यानं सांगितलेलं नाही.

आता शेवटचं. काल काम संपल्यावर तू फोन ठेवला नाहीस, आणि मीही ठेवला नाही. तिकडं तुझ्या दुकानातला पंखा ऐकू येत होता. बोलायला काही उरलं नव्हतं, आणि ठेवायचं तर धाडस होईना. कार्डावर तपासायचं काही शिल्लक नव्हतं. तरी मी गुपचूप दोन्ही प्रोब उचलले आणि नुसतेच एकमेकांना टेकवले.

"वाजलं," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "बाबा, आता कशाला लावलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. मीटर नीट आहे का ते बघत होतो."

 मग तो घोगरा आवाज आणखी घोगरा झाला. "मीटरचं काय सांगता येतंय, बाबा," म्हणालीस. "रोज बघावं लागतं."

बरोबर आहे. मीच शिकवलंय. तेव्हा आता रोज सकाळी दुकान उघडलं की मी प्रोब हातात घेऊन बसणार आहे. मी फोन करणार नाही, हिला शब्द दिलाय. तू कर.

– बाबा